डोळ्यांना पाणी येतं, मग कोरडेपणा कसला?

उन्हाळा लागला की सोलापुरात माझ्या ओपीडीत दोन तऱ्हेचे पेशंट वाढतात. एक, "मोतीबिंदूचं एकदाचं उरकून टाका" म्हणणारे. दुसरे, "डोळे चुरचुरतात, खुपतात" म्हणणारे. नीट तपासलं तर बऱ्याच वेळा दोन्ही तक्रारी एकाच माणसाच्या निघतात, फक्त त्यानं एकच सांगितलेली असते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांत या कोरडेपणाचीच पत्रं जास्त निघाली, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे.

"माझे वय ६८, निवृत्त शिक्षक. दोन महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याचे बिनटाक्याचे ऑपरेशन झाले. लांबचे छान दिसते, डॉक्टर म्हणतात ६/६ आहे. पण पेपर वाचायला घेतला की दहा मिनिटांत अक्षरे पुसट होतात. डोळे मिचकावले की परत दिसतात. संध्याकाळी वाळू गेल्यासारखे खुपते आणि वाऱ्यावर गेलो की घळाघळा पाणी येते. डॉक्टर म्हणाले, कोरडेपणा आहे. डोळ्यातून पाणी वाहते आहे आणि म्हणे कोरडेपणा! ऑपरेशनआधी असा त्रास नव्हता. ऑपरेशन बिघडले का? डावा डोळा पावसाळ्यानंतर करायचा आहे, तो करावा की नाही?" – एक वाचक, बार्शी

गुरुजी, तुमच्या पत्रावरून तरी ऑपरेशन बिघडल्यासारखं वाटत नाही, आणि डॉक्टरांचं निदानही मला पटतं. त्याचा पुरावा तुम्हीच लिहून पाठवलाय: "डोळे मिचकावले की परत दिसतात." आतल्या पडद्याला सूज असेल किंवा बसवलेल्या लेन्सच्या मागची पिशवी गढूळ झाली असेल, तर कितीही मिचकावलं तरी काही फरक पडत नाही. मिचकावल्यावर नजर साफ होते, याचा अर्थ दोष अगदी पुढच्या थरात आहे, अश्रूंच्या थरात.

या थराला आपण फार हलकं समजतो. डोळ्याची प्रकाश वळवण्याची एकूण ताकद साधारण ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजायचं हेच एकक) असते. त्यातला दोन तृतीयांश भाग कॉर्निया, म्हणजे डोळ्यावरची समोरची पारदर्शक काच, सांभाळते. आणि प्रकाश सगळ्यात आधी भेटतो तो या काचेवरच्या अश्रूंना. तो थर जागोजागी फाटला, तर आत कितीही उत्तम लेन्स बसवलेली असो, चित्र पुसटच येणार.

मग ६/६ कसं? तक्ता वाचताना माणूस एक ओळ वाचतो, मिचकावतो, पुढची वाचतो. प्रत्येक ओळीला दोन-तीन सेकंद पुरतात. पेपर वाचताना मात्र आपण मिचकावायचंच विसरतो. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा हलणारी पापणी वाचताना किंवा मोबाइल बघताना पाच-सात वेळांवर येते. तक्ता क्षणाची नजर मोजतो, तुम्हाला हवी आहे ती अर्ध्या तासाची. म्हणून ६/६ लिहिलेला कागद आणि तुमची तक्रार, दोन्ही खरी.

आता पाण्याचं. अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. खाली चिकट द्रव, त्यावर पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी पातळ पापुद्रा. रश्श्यावरच्या तर्रीनं वाफ अडून राहते, तसं हे तेल अश्रूंना उडू देत नाही. ते पापण्यांच्या कडेला ओळीनं असलेल्या बारीक ग्रंथींतून येतं. वय वाढलं की या ग्रंथींची तोंडं बुजतात आणि आतलं तेल घट्ट, पांढरट होतं. मग थर फाटतो आणि कॉर्नियाला वारा झोंबतो. तिथून निरोप गेला की वरची मोठी अश्रुग्रंथी घाईघाईनं नुसतं पाणी सोडते. त्यात तेल कमी, चिकटपणाही कमी, त्यामुळे ते डोळ्यावर न ठरता गालावर ओघळतं. दोन मिनिटांनी डोळा पुन्हा कोरडा. वाऱ्यावर घळाघळा पाणी येणाऱ्या पेशंटची तपासणी मी म्हणूनच कोरडेपणापासून सुरू करते. अश्रू वाहून नेणारी नळी बंद असली तरी पाणी येतं, पण ते बहुधा वारा असो-नसो, दिवसभर येत राहतं.

हे तपासायला मोठं मशीन लागत नाही. फ्लुरोसिन या रंगद्रव्याची केशरी पट्टी ओली करून खालच्या पापणीला टेकवायची, पेशंटला दोनदा मिचकावायला सांगायचं आणि "आता डोळा उघडाच ठेवा" म्हणायचं. निळ्या प्रकाशात सबंध कॉर्नियावर एकसारखी हिरवी चादर दिसते. मी मनात आकडे मोजत बसते. एक, दोन, तीन, चार... आणि हिरव्यात एक काळा ठिपका उमटतो, मग शेजारी दुसरा. तिथे अश्रू फाटले. हे दहा सेकंदांच्या आत झालं तर थर कमजोर. पाचच्या आत झालं तर मी ऑपरेशनची तारीखच देत नाही. दुसरी तपासणी शर्मर पट्टीची. कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं बसायचं. पट्टी पाच मिलिमीटरही भिजली नाही, तर पाणीच कमी आहे. ओटो शर्मर यांनी ही तपासणी १९०३ साली सांगितली, आजही खर्च काही रुपयांचाच आहे. तुमची अशी तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारा. विचारलं म्हणून कोणी रागावत नाही.

ऑपरेशननं त्रास वाढतो, हे खरं आहे. फेकोमध्ये, म्हणजे मशीननं मोतीबिंदू फोडून काढायच्या बिनटाक्याच्या ऑपरेशनमध्ये, छेद जेमतेम २.२ ते २.८ मिलिमीटरचा असतो. शिबिरांत होणाऱ्या हातानं करायच्या ऑपरेशनमध्ये तो ६-७ मिलिमीटरपर्यंत जातो. कॉर्नियात संवेदनेचे तंतू दाट असतात, त्यातले काही छेदाबरोबर कापले जातात. संवेदना कमी झाली की अश्रू कमी येतात, पापणीही कमी हलते. शिवाय ऑपरेशनआधी डोळा धुतलेलं पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, मायक्रोस्कोपचा दिवा आणि नंतर महिना-दीड महिना दिवसातून कितीदा तरी घातलेले थेंब. त्यातल्या बहुतेक बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे टिकाऊपणाचं द्रव्य, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह, असतं, ते रोज रोज पडलं की कॉर्नियाच्या वरच्या पेशींना सोसत नाही. बहुतेकांचा त्रास पहिल्या काही आठवड्यांत सर्वाधिक असतो आणि तीनेक महिन्यांत ओसरतो. तुमचे दोनच झालेत.

"आधी नव्हता" यावर मात्र मी जरा अडते. अमेरिकेत मोतीबिंदूसाठी आलेल्या १३६ जणांच्या डोळ्यांचा पृष्ठभाग तपासला गेला, तो अभ्यास २०१७ साली छापून आला. साठ टक्क्यांहून अधिक डोळ्यांत अश्रूंचा थर पाच सेकंदांच्या आत फाटत होता, आणि कोरडेपणाचं निदान आधी झालेली माणसं होती फक्त २२ टक्के. बाकीच्यांना पत्ताच नव्हता. मोतीबिंदूमुळे सगळंच धूसर दिसत असताना हे जास्तीचं धूसर कोणाच्या लक्षात येणार? मोतीबिंदू निघाला, उजेड आला, आणि जे आधीपासून होतं ते उघडं पडलं. मधुमेह असेल तर कॉर्नियाची संवेदना आधीच बोथट असते. अशा माणसाचा डोळा तपासणीत वाळवंट निघतो आणि तो म्हणतो, "छे, काही त्रास नाही."

आता करायचं काय. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू (कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेटचे) डॉक्टरांनी सांगितलेत तितक्यांदा, खुपण्याची वाट न पाहता घाला. एका वेळी एकच थेंब. दुसरा गालावरच जातो, पैसे वाया. दुसरं औषधही असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. वाचताना पान उलटलं की एकदा पूर्ण मिचकावायचं, वरची पापणी खालच्या पापणीला टेकली पाहिजे. कूलरचा किंवा पंख्याचा झोत तोंडावर घेऊन झोपू नका.

शेकाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळे तो चुकीचा करतात. स्वच्छ सुती नॅपकिन मनगटाला सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळायचा आणि मिटलेल्या पापण्यांवर ठेवायचा. तो दोन मिनिटांत निवतो, म्हणून पाण्याचं भांडं शेजारीच हवं. असं आठ-दहा मिनिटं. मग बोट वरच्या पापणीवर वरून खाली आणि खालच्या पापणीवर खालून वर हलकेच फिरवायचं, म्हणजे वितळलेलं तेल बाहेर येतं. बुबुळ दाबायचं नाही. पापण्या चोळण्याआधी तुमच्या सर्जनना विचारा; दोन महिन्यांनी बहुतेक ते हो म्हणतील, पहिल्या काही आठवड्यांत मीही परवानगी देत नाही.

डावा डोळा जरूर करा. मात्र लेन्सचं माप घेण्याआधी त्या डोळ्याच्या अश्रूंची तपासणी आणि उपचार होऊ द्या. पावसाळ्यानंतर म्हणताय, म्हणजे वेळ भरपूर आहे.

आणि हेही वाचून ठेवा: अचानक ठणका, डोळा लालबुंद, नजर एकदम कमी होणं, पू येणं ही कोरडेपणाची लक्षणं नाहीत. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, रविवार असला तरी.

"लेन्सचे माप घेतले तेव्हा कॉर्नियाचा आकडा ४३.२५ आला. चार दिवसांनी पुन्हा घेतले तर ४४.५०. डॉक्टरांनी ऑपरेशन तीन आठवडे पुढे ढकलले आणि थेंब, शेक, पापण्या पुसणे असे उपचार दिले. मुलगा म्हणतो, मशीनच खराब आहे, दुसरीकडे जाऊ. काय करावे?" – एक वाचक, पुणे

डॉक्टर बदलू नका. दोन आकडे जुळत नाहीत म्हटल्यावर थांबलेला डॉक्टर मिळाला, याबद्दल मुलाला पेढे आणायला सांगा.

मशीन कॉर्नियावर प्रकाशाचे ठिपके टाकतं आणि परत येणाऱ्या प्रतिबिंबांवरून तिची वक्रता मोजतं. हे प्रतिबिंब येतं अश्रूंच्या थरावरून. तो थर दर सेकंदाला बदलत असेल तर मशीन बिचारं काय करणार? जे दिसलं ते छापतं. लेन्सचा नंबर काढायचं जुनं एसआरके सूत्र आहे, त्यात कॉर्नियाच्या आकड्याला ०.९ नं गुणतात. आता सूत्रं बरीच पुढे गेली, पण हिशेबाचं मर्म तेच आहे. तुमच्या दोन मापांत १.२५ चा फरक, म्हणजे लेन्सच्या नंबरात १ हून अधिक फरक. चुकीचा आकडा धरून लेन्स बसवली असती तर बिनचष्म्याची म्हणून घेतलेली लेन्स लावून तुम्ही लांबचा चष्मा करायला गेला असता. सिलिंडरचा नंबर घालवणारी टोरिक लेन्स असेल तर आणखी पंचाईत, कारण तिला कोन अचूक लागतो आणि कोरड्या कॉर्नियावर नसलेला सिलिंडरही दिसू शकतो.

मोतीबिंदू तीन आठवड्यांत कुठे पळून जात नाही. आत बसलेली लेन्स बदलणं हे मात्र दुसरं ऑपरेशन आहे, आणि पहिल्यापेक्षा अवघड. तिसरं माप घ्यायला जाल तेव्हा त्याआधी तासभर तरी कुठलाही थेंब घालू नका, कृत्रिम अश्रूसुद्धा नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती किती दिवस आधी काढायची, ते विचारून घ्या. दोन मापं जुळली की तारीख घ्या.

"सासूबाईंना पंधरा वर्षांपासून संधिवात आहे, हातांची बोटे वाकली आहेत. अलीकडे पाण्याचा घोट घेतल्याशिवाय भाकरी गिळता येत नाही. डोळ्यांत सकाळी चिकट तार येते. पुढच्या महिन्यात दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू एकापाठोपाठ करायचे ठरले आहे. काही काळजी घ्यावी का?" – एक वाचक, चिपळूण

हो, आणि या सदरातल्या सगळ्या पत्रांत तुमचं पत्र मी सगळ्यात गंभीरपणे घेते. भाकरीचं तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण डोळ्यांच्या डॉक्टरकडे तोंडाच्या कोरडेपणाबद्दल कोणी बोलत नाही. संधिवात, कोरडं तोंड आणि डोळ्यातली तार हे तीन एकत्र आले की शोग्रेन आजाराचा विचार करावाच लागतो. हेन्रिक शोग्रेन हा स्वीडनचा डोळ्यांचाच डॉक्टर. अशा पेशंटवरचा त्याचा प्रबंध १९३३ सालचा. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उठते. रक्ताच्या तपासण्या आहेत, त्या संधिवाताचे डॉक्टर सांगतील.

ऑपरेशन होऊ शकतं. पण अशा डोळ्यात कॉर्नियाची जखम भरायला वेळ लागतो, क्वचित कॉर्निया विरघळून पातळही होते. त्यात एक गोष्ट कळीची आहे. ऑपरेशननंतर सूज येऊ नये म्हणून केटोरोलॅक, नेपाफेनॅक यांसारखे वेदनाशामक थेंब बऱ्याच जणांना देतात. साध्या डोळ्याला ते चालतात. संधिवात आणि तीव्र कोरडेपणा असलेल्या डोळ्यात ते फार जपून द्यावे लागतात, अनेकदा टाळावे लागतात. म्हणून सर्जनना स्पष्ट शब्दांत सांगा: संधिवात आहे, तोंड कोरडं आहे, गोळ्या या या आहेत. चिठ्ठ्यांची फाइल न्या, तोंडी सांगितलेलं घाईत राहून जातं. संधिवाताच्या गोळ्या मनानं बंद करू नका, आजार शांत असताना केलेलं ऑपरेशन जास्त सुरक्षित असतं.

दोन्ही डोळे एकापाठोपाठ करायची घाई मी तरी केली नसती. एक होऊ द्या, कॉर्निया कशी भरते ते पाहू द्या. आधीच्या तयारीत सायक्लोस्पोरिनचे, म्हणजे उठलेल्या प्रतिकारशक्तीला आवरणारे, थेंब देतात. त्यांचा गुण यायला कित्येक आठवडे लागतात आणि सुरुवातीला ते झोंबतात, म्हणून "आग होते" म्हणून चौथ्या दिवशी सोडून देऊ नका. पापणीच्या कोपऱ्यातलं अश्रू निचऱ्याचं छिद्र बारीक बुचानं बंद करायचाही उपाय आहे. तो दोन मिनिटांत, टाक्याविना होतो. पुढच्या महिन्याची तारीख दोन-तीन महिन्यांवर गेली तर जाऊ द्या.

"डॉक्टर मल्टिफोकल लेन्स घ्या म्हणतात, चष्मा पूर्ण जाईल. मला चार वर्षांपासून ड्राय आय आहे, आणि काचबिंदूचे थेंबही चालू आहेत. खर्च बराच आहे. घ्यावी का?" – एक वाचक, नाशिक

मी तुम्हाला साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराची लेन्स, सुचवली असती. मल्टिफोकल लेन्स आत येणारा प्रकाश लांबच्या आणि जवळच्या नजरेत वाटून देते. त्यामुळे कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिक्या-गडदातला फरक, आधीच थोडा कमी होतो, रात्री दिव्याभोवती कडी दिसतात. कोरड्या डोळ्यातून येणारा प्रकाश मुळात विस्कटलेला, त्याची पुन्हा वाटणी केली तर हाती काय उरणार? काचबिंदूनं पडद्याची नस किती खराब झाली आहे, तोही मुद्दा आहे, कारण त्या आजारातही कॉन्ट्रास्ट कमी होतो. महागडी लेन्स बसवूनही नाराज असलेल्या पेशंटमध्ये दोन कारणं वारंवार सापडतात: उरलेला नंबर आणि कोरडेपणा.

काचबिंदूचे थेंब अजिबात थांबवायचे नाहीत. पण तीच औषधं प्रिझर्व्हेटिव्हशिवायही मिळतात, ती तुम्हाला लागू पडतात का ते विचारा. निव्वळ त्या बदलानं डोळा शांत झालेले पेशंट मी पाहिले आहेत. तुम्ही सर्दीसाठी सिट्रिझीन किंवा झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन घेत असाल तर तेही सांगा, दोन्हींनी डोळा कोरडा होतो. वाचायला चष्मा लागला म्हणून काही बिघडत नाही, दुकानात तयार मिळतो.

"डोळ्यांत गुलाबपाणी, मध किंवा गाईचे तूप घातले तर चालेल का? ओमेगा-३ च्या कॅप्सूल घेऊ का?" – अनेक वाचक

ऑपरेशन ठरलेल्या किंवा नुकत्याच झालेल्या डोळ्यात यातलं काहीही नको. बाजारातलं गुलाबपाणी निर्जंतुक नसतं, मध नाहीच नाही. तूप पोळीवर घ्या.

कॅप्सूलबद्दल २०१८ मध्ये ५३५ जणांवरच्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. वर्षभर निम्म्याहून अधिक लोकांना माशाच्या तेलातलं ओमेगा-३ दिलं, उरलेल्यांना ऑलिव्ह तेल. दोन्ही गटांना बरं वाटलं आणि दोन्हींत लक्षणीय फरक नव्हता. आधीच घेत असाल तर मी बंद करायला लावत नाही, पण मुद्दाम लिहूनही देत नाही. त्या पैशात प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या थेंबांच्या बाटल्या येतील.

फ्रीजमध्ये ठेवलेली मागच्या ऑपरेशनची अर्धी बाटली मात्र आजच टाकून द्या. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. त्यानं दोन दिवस मस्त वाटतं आणि डोळ्याचा दाब गुपचूप वाढत जातो. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या बायका तंबाखूच्या धुरळ्यानं डोळे लाल झाले की शेजारणीचे थेंब घालतात. त्यातल्या काही काचबिंदू घेऊनच माझ्यापर्यंत पोचतात.

"मोतीबिंदू पिकला नाही आणि उन्हाळा आहे, म्हणून थांबा असे घरचे म्हणतात. थांबू का?" – एक वाचक, पंढरपूर

पिकायची वाट पाहायचा काळ गेला. पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, काढायला जास्त ताकद लागते. तुमच्या कामात अडचण येत असेल, रात्री गाडी चालवता येत नसेल, पोथी वाचता येत नसेल, तर करा. उन्हाचा ऑपरेशनशी संबंध नाही, ऑपरेशन थिएटरला एसी असतो. उन्हाळ्यात कोरडेपणा वाढतो एवढं खरं, म्हणून अश्रूंची तपासणी करून घ्या आणि ऑपरेशननंतर दुपारी एसटीनं लांबचा प्रवास करू नका. खिडकीतली गरम झुळूक नुकत्याच छेद दिलेल्या डोळ्याला फार त्रास देते.